छोट्या यंत्रांत टाइमझोन डेटा कसा मावेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीटर, डेटा लॉगर, राउटर, भिंतीवरचं डिजिटल घड्याळ, गेटवरचं हजेरीचं मशीन: ज्यांच्या फर्मवेअरमध्ये 'आत्ता किती वाजले' हा प्रश्न येतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. झोनची नावं आणि सेटिंगच्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रात अर्थातच त्या रोमन अक्षरांत जातात.

माझं यंत्र फक्त भारतात विकलं जातं. मला टाइमझोन डेटा लागतो का?

नाही. यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या आधारवेळेत, १९,८०० सेकंद (साडेपाच तास) मिळवा, काम झालं. युद्धकाळात पुढे केलेली घड्याळं १५ ऑक्टोबर १९४५ ला मागे घेतली, त्यानंतर भारताची प्रमाणवेळ हललेली नाही.

फक्त ही बेरीज एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि आरटीसी चिपमध्ये (यंत्रातल्या घड्याळाच्या चिपमध्ये) यूटीसीच भरा. १९,८०० हा आकडा चाळीस ठिकाणी पेरलेला कोड दुबईची पहिली ऑर्डर येईपर्यंत सुखाने चालतो. नंतर तो निस्तरायला जो वेळ जातो, त्यात या पानावरचं सगळं दोनदा करून होईल.

हा डेटा येतो कुठून?

टीझेडडेटा नावाच्या संग्रहातून. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, सध्या पॉल एगर्ट त्याचं संपादन करतात आणि २०११ पासून तो आयाना या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. मूळ डेटा साध्या मजकुराच्या फाइलींत असतो: कुठल्या भागात कधीपासून कुठला ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक), आणि उन्हाळी वेळेचे, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करण्याचे, नियम कोणते. 'झिक' नावाचा कंपायलर त्यातून प्रत्येक झोनची एक बायनरी फाइल बनवतो. लिनक्समधल्या झोनइन्फो फोल्डरमध्ये दिसतात त्या याच फाइली. जुनी पर्यायी नावं धरून झोनची नावं सहाशेच्या आसपास भरतात.

एका झोनच्या फाइलमध्ये एवढं असतं तरी काय?

आपलीच, म्हणजे एशिया/कोलकाता ही फाइल उघडून बघू. नव्या पद्धतीने बनवली तर ती २२० बाइटची होते. सुरुवातीचे ५१ बाइट जुन्या ३२-बिट वाचकांसाठीचा नावापुरता भाग. मग खरं हेडर, ४४ बाइट. मग घड्याळ बदलल्याच्या सात नोंदी. प्रत्येक नोंदीत ८ बाइट क्षणासाठी आणि १ बाइट 'त्यानंतर कुठली वेळ लागू' यासाठी, म्हणजे ६३ बाइट. मग पाच प्रकारच्या वेळा, प्रत्येकी ६ बाइट, एकूण ३०. त्यांची लघुनावं २२ बाइट. आणि शेवटी १० बाइटचं शेपूट, त्यात एकच ओळ: 'आयएसटी-५:३०'.

त्या सात नोंदी म्हणजे १८५४, १८७० आणि १९०६ चे बदल, आणि दुसऱ्या महायुद्धात घड्याळ दोनदा पुढे-मागे केल्याचे चार. २०२५ साली बसवलेल्या पाण्याच्या मीटरला यातलं काहीही लागत नाही. त्याला लागतं ते फक्त शेपूट.

न्यूयॉर्कची फाइल १,७४४ बाइटची आहे. त्यातले १,५७५ बाइट १७५ जुन्या बदलांच्या नोंदींनी खाल्लेत. २००७ पासून आजपर्यंत लागू असलेला नियम मात्र शेपटाच्या २४ बाइटमध्ये बसतो. जागा खाते ती इतिहासाची नोंदवही. चालू नियम फार लहान असतो.

'फॅट' आणि 'स्लिम' हा काय प्रकार आहे?

झिक दोन तऱ्हांनी फाइल बनवतो. फॅटमध्ये तोच डेटा ३२-बिट आणि ६४-बिट असा दोनदा लिहिला जातो आणि २०३७ पर्यंतचा प्रत्येक बदल सुटा मांडला जातो. स्लिममध्ये ३२-बिटचा भाग रिकामा असतो आणि पुढची सगळी वर्षं शेपटातल्या नियमावर सोडलेली असतात. न्यूयॉर्क फॅटमध्ये ३,५५२ बाइट, स्लिममध्ये १,७४४. एका पर्यायाने निम्मी जागा वाचते. २०२०बी या आवृत्तीपासून स्लिम हाच झिकचा मूळ पर्याय आहे, पण काही लिनक्स वितरणं अजूनही मुद्दाम फॅट बनवतात. तेव्हा तुमच्या इमेजमध्ये (यंत्रात भरायच्या सिस्टिमच्या प्रतीत) काय आहे ते बघून घ्या.

धोका एकच. फाइलचा फक्त ३२-बिट भाग वाचणारी जुनी लायब्ररी तुमच्याकडे असेल, तर स्लिम फाइलमध्ये तिला काहीच सापडत नाही आणि यंत्र मुकाट्याने यूटीसी दाखवू लागतं. कुठेही एरर येत नाही. साडेपाच तासांचा फरक दिसला की आधी इथे शोधा.

फाइली एवढ्याशा, मग फोल्डर मेगाबाइटांत कसा जातो?

तीन कारणं, आणि डेटाच्या आकाराशी त्यातल्या एकाचाही संबंध नाही.

पहिलं, फाइलसिस्टिमचा ब्लॉक. ४ केबीच्या ब्लॉकवर २२० बाइटची फाइलही सहसा ४ केबीच अडवते. दुसरं, काही वितरणांत 'पॉसिक्स' आणि 'राइट' असे दोन उपफोल्डर असतात आणि त्यांत पुन्हा सगळे झोन असतात. 'राइट'मधल्या फाइली लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) मोजतात. तुमचं यंत्र वेधशाळेत जाणार नसेल तर दोन्ही काढून टाका. तिसरं, पर्यायी नावं. मूळ मांडणीत एशिया/कलकत्ता हा एशिया/कोलकाताचा दुवा असतो. इमेज बनवताना कॉपी करणाऱ्या हत्याराने दुवे न पाळता सरळ प्रती काढल्या, तर एकच फाइल दोन-तीनदा बसते.

स्क्वॉशएफएस (दाबून ठेवलेली, फक्त वाचायची फाइलसिस्टिम) वापरत असाल तर तो लहान फाइली एकत्र बांधतो आणि हुबेहूब प्रती एकदाच ठेवतो, त्यामुळे हा ताप बराचसा आपोआप जातो. एक अंदाज हवा असेल तर: गो भाषेत सगळा टाइमझोन डेटा प्रोग्रामच्या आतच भरायची सोय आहे, आणि तिच्या कागदपत्रांनुसार प्रोग्राम त्यामुळे सुमारे ४५० केबीने वाढतो. याच्या कितीतरी वर तुमचा फोल्डर जात असेल, तर ती वाढ मांडणीची आहे.

छोट्या लिनक्सवर कात्री कुठे चालवायची?

छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधायच्या हत्यारांतच सोय असते: बिल्डरूटमध्ये झोनची यादी निवडता येते, योक्टोमध्ये टीझेडडेटा खंडानुसार वेगळ्या पॅकेजांत मिळतो, ओपनडब्ल्यूआरटीमध्येही तसंच. आधी नको असलेले खंड उडवा. मग झिकचा 'आर' पर्याय वापरून वर्षांची मर्यादा घाला: अमुक क्षणाआधीचा इतिहास फाइलमध्ये येऊच द्यायचा नाही. छाटलेल्या काळातली तारीख कुणी विचारली, तर लघुनावाच्या जागी 'उणे शून्य शून्य' असं दिसतं. म्हणजे 'इथली वेळ ठाऊक नाही'. चुकीची वेळ ठासून सांगण्यापेक्षा हे बरं.

डेटा कंपाइल न करता नेण्याचाही एक मार्ग आहे. टीझेडडेटासोबत सगळं जग एकाच आटोपशीर मजकूर फाइलमध्ये मिळतं, आकार शंभर केबीच्या आसपास. यंत्रावर झिक ठेवून लागेल तो झोन तिथेच बनवता येतो. राउटरच्या वर्गातल्या यंत्राला हे परवडतं.

माझ्याकडे फाइलसिस्टिमच नाही. नुसता मायक्रोकंट्रोलर आहे.

मग शेपूट वापरा. त्या एका ओळीला पॉसिक्सची (युनिक्सछाप सिस्टिमांच्या प्रमाणकाची) टीझेड ओळ म्हणतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ती भरायची आणि टीझेडसेट हाक मारायची. तिथली सी भाषेची लायब्ररी झोनच्या फाइली वाचतच नाही, तिला हीच भाषा कळते.

पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांची ओळ अशी: 'सीईटी-१सीईएसटी,एम३.५.०,एम१०.५.०/३'. हिवाळ्यात सीईटी, उन्हाळ्यात सीईएसटी. 'एम३.५.०' म्हणजे तिसरा महिना, पाचवा आठवडा, शून्यावा वार: मार्चचा शेवटचा रविवार. इथे ५ चा अर्थ 'शेवटचा' असा आहे, त्या महिन्यात पाच रविवार असोत वा चार. वेळ दिली नसेल तर रात्रीचे २ धरायचे. ऑक्टोबरच्या बाजूला '/३' आहे, म्हणजे ३ वाजता.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट: चिन्ह उलटं आहे. भारत यूटीसीच्या पुढे आहे, तरी ओळ 'उणे ५:३०' म्हणते. स्थानिक वेळेत किती मिळवलं की यूटीसी येईल, असा तिचा हिशेब असतो. अधिक चिन्ह घालून पाठवलेलं यंत्र भारतात बरोबर ११ तास मागे चालतं. हा ११ आकडा लक्षात ठेवा, तक्रारीच्या फोनवरच निदान होईल.

ज्या झोनना अक्षरी लघुनाव नाही, तिथे कोनी कंसात आकडे येतात. नेपाळची ओळ '<+०५४५>-५:४५' अशी आहे. कंसातलं अधिक चिन्ह नावाचा भाग, बाहेरचं उणे हिशेबाचं. काही जुने पार्सर (ही ओळ वाचणारे कोड) कोनी कंस दिसताच गप्प बसतात. म्हणून तुमची लायब्ररी तपासताना काठमांडू हमखास घ्या.

एव्हीआरवर (अर्डुइनो ऊनोत असते त्या जातीच्या चिपवर) एवढंही नाही. तिथल्या लायब्ररीत ऑफसेट लावायचं एक फंक्शन, आणि युरोप व अमेरिकेच्या उन्हाळी वेळेसाठी दोन तयार हेडर फाइली मिळतात. तिचं कालमापन नेहमीच्या १९७० ऐवजी १ जानेवारी २००० पासून सुरू होतं, हे विसरलात तर तारखा तीस वर्षांनी सरकतात.

या एका ओळीत कोण मावत नाही?

मोरोक्को. २०१८ पासून तिथली नेहमीची वेळ यूटीसी अधिक १ आहे आणि रमजानपुरतं घड्याळ तासभर मागे येतं. रमजान चांद्र पंचांगाने ठरतो, 'अमुक महिन्याचा तमुक रविवार' असं काही तिथे चालत नाही. म्हणून टीझेडडेटात २०८७ पर्यंतचे अंदाजे बदल एकेक करून मांडलेत आणि कासाब्लांकाची स्लिम फाइलही दोन हजार बाइटच्या घरात जाते. छोट्या यंत्रात पुढच्या पाच-सात वर्षांच्या नोंदी ठेवा आणि बाकी अपडेटवर सोडा. तसेही ते अंदाजच आहेत.

बाकीचे मावतात, पण पार्सरची परीक्षा घेतात. इस्रायलमध्ये उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे २ ला सुरू होते. तो शुक्रवार २३ ते २९ तारखांमध्ये पडतो. चौथा शुक्रवार म्हणावा तर तो २२ ते २८ मध्ये, शेवटचा म्हणावा तर २५ ते ३१ मध्ये. दोन्ही जुळत नाहीत. म्हणून ओळ म्हणते 'चौथा गुरुवार, २६ वाजता'. गुरुवारचे २६ म्हणजे शुक्रवारचे २. हिशेब चोख आहे, पण २४ पेक्षा मोठा तास नाकारणारा पार्सर इथे आपटतो. ग्रीनलंडच्या नूकसाठी उणे १ वाजता असं लिहावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर उन्हाळी बदल अर्ध्याच तासाचा आहे. आणि आयर्लंडच्या डब्लिनमध्ये उन्हाळ्यातली वेळ 'प्रमाण' मानून हिवाळ्यात एक तास वजा करतात. तिचं लघुनावही आयएसटीच आहे, इस्रायलचंही तेच. तेव्हा लघुनावावरून झोन ओळखणारा कोड लिहू नका.

सगळं जग हवंय, पण चार केबीच हातात आहेत. जमेल?

जमेल, इतिहास सोडला तर.

सहाशे नावं असली तरी आजच्या घडीला वेगवेगळ्या टीझेड ओळी शंभराच्या आसपासच आहेत, कारण अख्खा युरोप दोन-तीन नियमांवर चालतो. आजचे सगळे ऑफसेट १५ मिनिटांच्या पटीत आहेत, त्यामुळे ऑफसेट एका बाइटमध्ये बसतो. (लायबेरिया १९७२ पर्यंत यूटीसीच्या ४४ मिनिटे ३० सेकंद मागे होता. इतिहास ठेवणार असाल तर ही सोय लगेच मोडते.) बदलाच्या नियमाला महिना ४ बिट, आठवडा ३, वार ३, वेळ पाव तासांत ८ बिट, आणि ती वेळ स्थानिक, प्रमाण की यूटीसी यासाठी २ बिट. एकूण २० बिट, तीन बाइटमध्ये आरामात. ते यूटीसीचे बिट वाया जात नाहीत. युरोपीय संघात सगळीकडे एकाच क्षणी, यूटीसीच्या १ वाजता, बदल होतो. लिस्बन, बर्लिन आणि अथेन्सला मग एकच नियम पुरतो.

म्हणजे एक झोन: ऑफसेट १ बाइट, उन्हाळी वाढ १ बाइट, दोन बदल ६ बाइट. आठ बाइट गुणिले शंभर, ८००. सहाशे नावांना प्रत्येकी एका बाइटचा निर्देशांक, ६००. नावांऐवजी ४ बाइटचा हॅश (नावावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) ठेवला तर २,४००. बेरीज ३,८००. लघुनावं आणि मोरोक्को वेगळे धरावे लागतील, पण लघुनावं बहुतेक यंत्रांना लागतच नाहीत.

अर्डुइनो ऊनोच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये हे बसतं. रॅम मात्र २ केबीच आहे, आणि एव्हीआरवर नुसतं 'कॉन्स्ट' लिहिलेला तक्ता सुरुवातीलाच रॅममध्ये उतरतो. प्रोगमेम (तक्ता फ्लॅशमध्येच ठेवायची खूण) लावायला विसरू नका. स्वतः लिहायचं नसेल तर अर्डुइनोसाठी एसटाइम ही लायब्ररी आहे. झोनची ओळख हॅशने ठेवणं, लागतील तेवढेच झोन जोडणं, हे तिच्यात तयार मिळतं.

नावं ठेवायलाच हवीत का?

पडदा आणि मेन्यू असेल तर काही ठेवावी लागतील. सगळी नकोत. 'अमेरिका/अर्जेंटिना/कोमोदरिवादाविया' हे रोमनमध्ये ३२ अक्षरांचं नाव कुणी मेन्यूत शोधणार नाही. पण मोबाइल अॅप जुनी नावंही पाठवू शकतं, एशिया/कलकत्ता अजून सर्रास येतं. मेन्यूत नवी नावं दाखवा, स्वीकारताना जुनीही स्वीकारा.

सरळ झिप करून का ठेवू नये?

नेहमीच्या डिफ्लेट पद्धतीला उलगडताना ३२ केबीपर्यंतची खिडकी (नुकत्याच उलगडलेल्या भागाची प्रत) रॅममध्ये लागते. तेवढी रॅम असती तर हे पान वाचायची वेळच आली नसती.

इतिहास पूर्ण टाकला तर काही बिघडेल का?

यंत्र फक्त 'आत्ता' दाखवत असेल तर नाही. जुन्या नोंदी स्थानिक वेळेत दाखवत असेल, तर यंत्र बाजारात आलं त्या वर्षापासूनचा इतिहास ठेवा. मागच्या वर्षीची नोंद यंदाच्या नियमाने दाखवली आणि मधे त्या देशाने नियम बदलला असेल, तर ती तासभर चुकते. वीजबिलाच्या वादात असा तास महाग पडतो. नोंद यूटीसीत ठेवली असेल तर चूक फक्त दाखवण्यापुरती राहते, मागाहून सुधारता येते.

त्यामागचा इतिहास तर टीझेडडेटाही पूर्ण देत नाही. त्याची हमी १९७० पासूनची आहे. मुंबईत महापालिकेने १९५५ पर्यंत स्वतंत्र 'बॉम्बे टाइम' पाळला, तरी मुंबईचा वेगळा झोन त्यात नाही. कोलकात्याखालीच सगळे आले.

एकदा डेटा भरला की संपलं ना?

इथेच बहुतेक उत्पादनं पडतात. बाइट वाचवण्यात सगळी हुशारी खर्च होते आणि ते बदलायचे कसे हे ठरवायचं राहून जातं. माझं मत स्पष्ट आहे: अपडेटची सोय नसलेल्या अडीचशे केबीपेक्षा, बाहेरून बदलता येणारी चाळीस बाइटची ओळ केव्हाही चांगली.

मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशापुरती उन्हाळी वेळ बंद केली. जुना नियम पोटात असलेली यंत्रं एप्रिल २०२३ मध्ये तरीही तासभर पुढे गेली असणार. कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका ऑफसेटवर आणला, घोषणा जेमतेम काही आठवडे आधी झाली होती. लेबनॉनने तर कहर केला. मार्च २०२३ मध्ये बदलाला दोन-तीन दिवस उरले असताना सरकारने तो पुढे ढकलला, देशात गोंधळ माजला, आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला. टीझेडडेटाची २०२३बी आवृत्ती या निर्णयासाठी निघाली आणि २०२३सी तो रद्द झाल्यामुळे, आठवड्याच्या आतच. अशा वेळी फर्मवेअर बांधून, तपासून, पाठवणं कुणालाही जमत नाही. सेटिंगमधली एक ओळ बदलणं जमतं.

मग वेळेचा भार दुसऱ्यावरच टाकता येतो का?

येतो, आणि जमेल तिथे टाकावा. ब्लूटूथच्या करंट टाइम सर्व्हिसमध्ये फोन आपला ऑफसेट पाव तासांच्या हिशेबाने एका बाइटमध्ये आणि उन्हाळी वाढ दुसऱ्या बाइटमध्ये देतो. पुढचा बदल कधी, हे सांगणारी वेगळी सर्व्हिसही आहे. मोबाइल नेटवर्कही ऑफसेट पाव तासांतच पाठवू शकतं. डीएचसीपीमध्ये (नेटवर्क यंत्राला सेटिंग देतं त्या पद्धतीत) १०० क्रमांकाचा पर्याय टीझेड ओळ आणि १०१ क्रमांकाचा झोनचं नाव देतो, २००७ पासून हे ठरलेलं आहे, फक्त ते लावून ठेवणारे नेटवर्क कमी भेटतात. जीपीएसकडून मात्र स्थानिक वेळेची अपेक्षा करू नका.

स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्वांत सोपं: यंत्र झोनचं नाव पाठवतं, सर्व्हर टीझेड ओळ परत देतो, यंत्र ती फ्लॅशमध्ये लिहून ठेवतं. नेट गेलं तरी शेवटची ओळ असतेच.

२०३८ चं काय?

१९७० पासून मोजलेले चिन्हासहित ३२-बिट सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात. चिन्हाविना मोजले तर २१०६ पर्यंत चालतं. आज बसवलेला मीटर २०३८ मध्ये भिंतीवर असण्याची शक्यता चांगलीच आहे, त्यामुळे हे आत्ताच बघा.

छाटलेला डेटा बरोबर आहे हे तपासायचं कसं?

लॅपटॉपवर झेडडंप हे हत्यार चालवा. दिलेल्या वर्षांतले सगळे बदल ते सेकंदानिशी छापतं. तुमचा कोड त्याच लॅपटॉपवर बांधा, प्रत्येक झोनमधल्या प्रत्येक बदलाच्या एक सेकंद आधीची आणि त्याच क्षणाची वेळ काढा, आणि दोन्ही याद्या जुळवा. सगळे झोन तपासायला काही सेकंद लागतात, म्हणून नमुन्यादाखल दोन-चार निवडण्याचं कारण नाही. फार घाई असेल तर काठमांडू, डब्लिन, जेरुसलेम, लॉर्ड हाऊ, नूक आणि न्यूझीलंडचं चॅटम बेट एवढे तरी घ्या. चॅटम यूटीसीच्या १२ तास ४५ मिनिटे पुढे आहे आणि तिथे घड्याळ पावणेतीनला बदलतं. वेळ पूर्ण तासांतच साठवणारा प्रत्येक तक्ता तिथे उघडा पडतो.

हा डेटा विकाऊ उत्पादनात वापरायला परवाना लागतो का?

टीझेडडेटा सार्वजनिक मालकीचा आहे, मोकळेपणाने वापरा. तुम्ही निवडलेल्या लायब्ररीचा परवाना मात्र वेगळा बघा.